अन्न नाकारणारा साप : पाळीव बॉल पायथन आणि जिंतूरच्या शिवारातील त्याचे भाऊबंद

पाळीव बॉल पायथनच्या आहाराविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्याचा मोठा भाग एकाच तक्रारीभोवती फिरतो, आणि ती तक्रार म्हणजे हा साप खात नाही. तो आठवडे खात नाही, कधी महिने खात नाही, समोर धरलेल्या उंदरापासून तोंड फिरवून वेटोळ्यात डोके घालून बसतो, आणि तरीही त्याच्या कांतीत वा वजनात फारसा फरक पडलेला दिसत नाही. गाई-बैल, कुत्री-मांजरे यांच्या सहवासात वाढलेल्या माणसाच्या मनात भूक आणि आरोग्य यांची गाठ पक्की बसलेली असते. बैलाने वैरण सोडली की शेतकरी त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरला गाठतो, कुत्र्याने भाकरीला तोंड लावले नाही तर घर अस्वस्थ होते, आणि हेच माप सापाला लावले की त्याचा उपवास हा आजार ठरतो. सापाचे न खाणे हा त्याच्या खाण्याच्याच रीतीचा एक भाग आहे, आणि ती रीत समजल्यावाचून खरा आजार कोणता व केवळ ऋतुमान कोणते हे ओळखता येत नाही, ही या आढाव्यामागची भूमिका आहे.

जिंतूरच्या संदर्भात हा प्रश्न तपासण्याला कारण आहे. परभणी जिल्ह्याच्या उत्तर भागातील या तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरत येतात, पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे, आणि डोंगरउतारावरच्या मुरमाड जमिनीपासून नदीकाठच्या काळ्या रानापर्यंत कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी आणि हरभरा ही पिके घेतली जातात. धान्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. परंतु शिवारातले सगळे साप एकाच ताटात जेवत नाहीत. महाराष्ट्राच्या पठारी भागात सर्रास आढळणाऱ्या जातींपैकी धामण, नाग, घोणस आणि तस्कर यांची मदार मुख्यतः उंदीर-घुशींवर असते, दिवड पाण्याच्या काठाने मासे व बेडूक शोधते, कवड्या भिंतीवरच्या पालींच्या मागे घरात शिरतो, मण्यार इतर सापांनाही गिळते, आणि गांडुळाएवढा वाळा मुंग्या-वाळवीची अंडी व अळ्या खाऊन जगतो. शेजारच्या विदर्भात, वर्धा परिसरात, २००३ साली पुन्हा नोंदला गेलेला भारतीय अंडीखाऊ साप तर पक्ष्यांच्या अंड्यांवरच राहतो आणि गिळलेले अंडे मानेतील मणक्यांच्या टोकदार उंचवट्यांनी फोडतो. पक्ष्यांची वीण बारमाही नसते, तेव्हा अशा सापाला हंगामाबाहेर उपाशी राहण्याची ताकद असावीच लागते. या सगळ्यांत बॉल पायथनच्या सर्वांत जवळचे म्हणावेत असे म्हणजे अजगर, मांडूळ आणि डुरक्या घोणस. डुरक्या घोणशीच्या नावात घोणस असली तरी विष नाही. मांडूळ आणि ती, दोघेही जमिनीत दबा धरून बसतात व भक्ष्याला विळख्यात आवळून मारतात. मराठी वाचकाला दूरच्या आफ्रिकी सापाचे वागणे समजून घ्यायचे असेल तर बांधावरचे मांडूळ हा त्याचा सर्वांत जवळचा दाखला ठरतो.

बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहान अजगर असून जॉर्ज शॉ यांनी १८०२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले व त्याच्या जातिनामात ‘राजाचा’ या अर्थाचा लॅटिन शब्द योजला, म्हणून ब्रिटनमध्ये त्याला शाही अजगर म्हणतात. भय वाटताच डोके आत घेऊन शरीराचा घट्ट गोळा करण्याच्या सवयीमुळे दुसरे, अधिक रूढ नाव पडले. पूर्ण वाढलेल्या सापाची लांबी सामान्यतः एक ते दीड मीटर असते आणि मादी नरापेक्षा मोठी होते. गवताळ माळ, शेतीचे पट्टे आणि विरळ जंगल हा त्याचा मुलूख. दिवसा तो उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत दडून राहतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. वारूळ आणि साप यांची जोडी मराठी मनाला अपरिचित नाही. नागपंचमीला वारुळाची पूजा होते ती श्रद्धेने, पण सापाला वारूळ हवे असते ते तिथल्या दमट गारव्यासाठी, आडोशासाठी आणि आत वावरणाऱ्या भक्ष्यासाठी, आणि ही गरज घाना-बेनिनमध्ये व मराठवाड्यात सारखीच आहे.

रानातला बॉल पायथन नेमके काय खातो याविषयीचे जे अभ्यास झाले, त्यांपैकी आग्नेय नायजेरियातील वर्षावनात लुका लुईसेली व फ्रान्चेस्को आंजेलिची यांनी केलेला आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास विशेष उद्बोधक आहे, कारण त्यातून एकाच जातीच्या नर-मादीचे आहार वेगळे असल्याचे दिसले. आकाराने लहान असलेले नर झाडाझुडपांवर अधिक चढतात आणि त्यांच्या आहारात पक्ष्यांचा वाटा मोठा असतो, तर जमिनीवर राहणाऱ्या जाड माद्या मुख्यतः उंदरांसारखे सस्तन प्राणी खातात. वयाचा फरकही असाच पडतो, म्हणजे सत्तर सेंटिमीटरपेक्षा आखूड साप बहुतांशी पक्ष्यांवर, पिलांवर, आणि मीटरहून लांब साप सस्तन प्राण्यांवर जगतात. पिंजऱ्यात मात्र नर असो वा मादी, पिल्लू असो वा प्रौढ, सर्वांपुढे प्रयोगशाळेसाठी पैदास केलेला पांढरा उंदीर ठेवला जातो. हा उंदीर त्या सापाच्या पूर्वजांनी कधी हुंगलेला नाही, आणि काही साप, विशेषतः रानातून पकडून आणलेले, त्याला अन्न म्हणून ओळखतच नाहीत, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. आफ्रिकेतील मऊ केसांचे उंदीर किंवा जर्बिल हे लहान वाळवंटी कृंतक समोर आल्यावर असे हट्टी साप पटकन झडप घालतात, हा पाळणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. कृंतक म्हणजे पुढचे दात सतत वाढत असल्याने कुरतडत राहणारे प्राणी.

अन्न ओळखण्याची सापाची साधने पाहिली म्हणजे हा नकार अधिक स्पष्ट होतो. दुभंगलेली जीभ हवेतील गंधकण टिपून टाळूतील जेकबसनच्या इंद्रियाकडे, म्हणजे गंधाचे रासायनिक पृथक्करण करणाऱ्या दोन लहान पोकळ्यांकडे पोचवते, आणि भक्ष्य कोणते हे मुख्यतः तिथे ठरते. त्याच्या जोडीला बहुतेक अजगरांच्या ओठांवरील खवल्यांत उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात, ज्यांमुळे भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असलेल्या प्राण्याचे अंधारातही जणू उष्णतेचे चित्र उमटते. सह्याद्रीतील चापड्याला अशी खाच डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये असते. जिंतूरच्या शिवारातील घोणस, मांडूळ व डुरक्या घोणस यांना ती नसते. या खाचांतील मज्जातंतूंच्या टोकांवर कोणता रेणू उष्णतेला प्रतिसाद देतो हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये दाखवून दिले, आणि गमतीचा भाग असा की माणसात तोच रेणू फेसलेल्या मोहरीचा नाकात जाणारा झणका ओळखतो. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की शीतपेटीतून काढून अर्धवट वितळलेला थंड उंदीर बॉल पायथनच्या दृष्टीने उंदीर नसतोच. तो कोमट पाण्यात ठेवून जिवंत प्राण्याच्या उबेपर्यंत आणला, चिमट्याने धरून किंचित हलवला आणि सापापासून हातभर अंतरावर नेला, की एरवी ढिम्म पडलेल्या सापाची मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळते आणि झडप पडते.

झडपेनंतरचा विळखा श्वास कोंडून मारतो, ही पूर्वापार समजूत पाठ्यपुस्तकांतही होती. अमेरिकेतील स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी बोआ जातीच्या सापांवर केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून असे दिसले की भूल दिलेल्या उंदराभोवती विळखा पडताच काही क्षणांतच त्याचा रक्तदाब कोसळतो व रक्ताभिसरण खंडित होते, म्हणजे मृत्यू गुदमरण्याच्या कितीतरी आधी ओढवतो. त्याच गटाने त्यापूर्वी, २०१२ मध्ये, मृत उंदरात कृत्रिम हृदय बसवून दाखवले होते की सापाला भक्ष्याच्या हृदयाचे ठोके जाणवतात आणि ते थांबेपर्यंत तो विळखा आवळून ठेवतो. विळखा घालणे हे शक्ती खाणारे काम आहे, म्हणून ते गरजेपुरतेच केले जाते. सापाच्या खाण्यात काटकसरीचे हे तत्त्व पदोपदी आढळते. धामणीजवळ विष नाही आणि विळख्याची खरी कलाही नाही, ती उंदराला शरीराच्या वजनाने जमिनीशी दाबून धरते व बऱ्याचदा जिवंतच गिळते. गिळताना सापाचा जबडा ‘निखळतो’ हेही खरे नव्हे: खालच्या जबड्याची दोन हाडे हनुवटीपाशी सांधलेली नसून लवचीक बंधांनी जोडलेली असतात आणि मागचे हाड लांब बिजागरीसारखे हलते, त्यामुळे डावी-उजवी बाजू आळीपाळीने पुढे सरकवत साप भक्ष्यावर जणू चालत जातो. दात मागे वळलेले असल्याने पकडलेली वस्तू आत जाणे सोपे व बाहेर निघणे अवघड असते.

खरा चमत्कार मात्र गिळून झाल्यानंतर सुरू होतो. स्टीफन सीकर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात ब्रह्मी अजगरावर, म्हणजे बराच काळ भारतीय अजगराची उपजात समजल्या गेलेल्या त्याच्या निकटच्या नातलगावर, जे संशोधन केले त्याने सापाच्या पचनाविषयीची कल्पनाच बदलली. उपाशी अजगराचे आतडे जवळजवळ बंद केलेल्या कारखान्यासारखे असते: अस्तर झिजून पातळ झालेले, पाचकरसांचे उत्पादन थांबलेले, जठरातील आम्लता नाहीशी झालेली. मोठे भक्ष्य पोटात जाताच एक-दोन दिवसांत लहान आतड्याचे वजन सुमारे दुप्पट होते, यकृत व मूत्रपिंडे वाढतात, आणि शरीराचा प्राणवायूचा वापर, जो चयापचयाचे म्हणजे अन्नापासून शक्ती मिळवण्याच्या व्यवहाराचे माप आहे, तो विश्रांतीच्या वेळेपेक्षा चाळीसपटींच्याही वर जाऊ शकतो. २००५ मध्ये हृदयाचे वजन दोन दिवसांत सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली, आणि २०११ मध्ये या वाढीला चालना देणारी मेदाम्ले रक्तात सापडली. पचन संपले की सारे पुन्हा आटोपते घेतले जाते. दिवाळी-दसऱ्याला मांडव घालून पाहुणे गेल्यावर तो उतरवून ठेवणाऱ्या घराची उपमा इथे चपखल बसते, कारण रोज मांडव उभा ठेवण्याचा खर्च या सापाला परवडत नाही. धामणीसारखा सतत फिरून वरचेवर खाणारा साप आतडे कायम सज्ज ठेवतो. दबा धरून बसणारा, वर्षातून मोजक्या वेळा खाणारा अजगर ते मिटवून ठेवतो. म्हणूनच एकाला चार दिवसांची उपासमार जाणवते आणि दुसऱ्याला चार महिन्यांचीही जाणवत नाही.

उपवासाच्या काळात शरीरात काय घडते याचा थेट शोध मार्शल मॅक्यू यांनी घेतला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात बॉल पायथन, उंदीरखाऊ साप आणि खडखड्या साप अशा तीन जातींचे साप १६८ दिवसांपर्यंत उपाशी ठेवले गेले, आणि त्यांनी आपला चयापचय बहात्तर टक्क्यांपर्यंत खाली आणल्याचे आढळले. याहून अनपेक्षित बाब म्हणजे वजन घटत असतानाही त्यांची लांबी वाढत राहिली. विश्रांतीत आधीच अत्यल्प शक्ती वापरणारा प्राणी तिच्यातही एवढी कपात करू शकतो हे पाहिल्यावर, दोन महिने न खाणाऱ्या धडधाकट प्रौढ बॉल पायथनला जबरदस्तीने भरवण्याचा उतावळेपणा किती अनाठायी आहे हे वेगळे सांगायला नको.

उपवासाला ऋतू आणि प्रजनन यांचीही कारणे असतात. थंडीच्या महिन्यांत प्रौढ नर मादीच्या शोधात असतात व अन्नाकडे दुर्लक्ष करतात, अंडी वाढत असताना मादीच्या पोटात जागा उरत नाही, आणि अंडी घातल्यावर सुमारे दोन महिने ती त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते व सहसा काही खात नाही. या बाबतीत भारतीय अजगराची कीर्ती जुनी आहे: भारतात पाहिलेली अजगराची मादी अंडी उबवताना गरम होते असे लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने १८३० च्या दशकात पॅरिसच्या विद्वानांना सांगितले तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेले, आणि १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयातील मादीवर तापमापक लावून व्हालाँसियेन यांनी ते खरे असल्याचे दाखवले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील मादीवरील मोजमापांतून असे कळले की भोवतालचे तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तिचे स्नायू लयबद्ध आकुंचन पावून उष्णता निर्माण करतात. बॉल पायथनची मादी अशी थरथरत नाही. तिच्या वेटोळ्याचा मुख्य उपयोग अंड्यांतील ओलावा टिकवणे हा आहे. भारतीय अजगराची मादी म्हणजे उपाशीपोटी शेकोटी पेटवून बसलेली आई, आणि तिच्या उपवासाचा खर्च त्या मानाने कितीतरी जास्त.

पाळीव सापाच्या नकाराची बाकीची बहुतेक कारणे पिंजऱ्याच्या मांडणीत सापडतात. अंडी उबवणाऱ्या अजगराच्या मादीसारखे अपवाद सोडले तर साप स्वतःची उष्णता निर्माण करत नसल्याने पचनासाठी तो बाहेरच्या उबेवर अवलंबून असतो. बॉल पायथनला पेटीचा एक भाग ३१ ते ३३ अंश आणि दुसरा २५-२६ अंशांच्या आसपास असावा लागतो, म्हणजे त्याला हवी ती जागा निवडता येते. जिंतूरसारख्या गावात ही गोष्ट ऐकायला सोपी पण करायला कठीण आहे. उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखालच्या पेटीत थंड कोपराच उरत नाही आणि हवा कोरडी ठणठणीत होते, तर डिसेंबर-जानेवारीत परभणी जिल्ह्यातली रात्र दहा अंशांच्या खाली उतरते आणि वीज गेली की उबेची सोय संपते. थंड पडलेल्या सापाच्या पोटात उंदीर गेला तर तो पचण्याऐवजी कुजू लागतो, आणि साप एकतर आधीच खायचे नाकारतो किंवा नंतर ओकून टाकतो. यांतला पहिला मार्ग त्याच्या हिताचा असतो. दमटपणा कमी झाला की कात नीट सुटत नाही, आणि कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ निळसर झाले की बहुतेक साप अन्नाला शिवत नाहीत. पेटी फार मोठी, उघडी व आडोशाविना असेल, किंवा घरातली पोरेसोरे दिवसातून दहा वेळा साप हाताळत असतील, तर जन्मजात लपून राहणाऱ्या या प्राण्याला सतत धोक्यात असल्यासारखे वाटते. अंग चोरून दडता येईल अशी एक अरुंद, अंधारी खोपटी पेटीत ठेवली आणि आठवडाभर सापाला हातही लावला नाही, एवढ्याने कित्येक उपास सुटतात.

भक्ष्याचा आकार सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढा, फार तर किंचित अधिक, असावा असा प्रघात आहे. पिलांना आठवड्याने आणि प्रौढांना दोन ते चार आठवड्यांनी एकदा पुरे होते, आणि खाल्ल्यावर निदान दोन दिवस सापाला उचलू नये. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पोटातील बलकावर राहते व पहिली कात टाकल्यानंतरच पहिली शिकार करते, म्हणून त्याआधीचा नकार हा नकार नव्हेच. जिवंत उंदीर पेटीत सोडून निघून जाण्याची सवय मात्र सर्वस्वी चुकीची आहे: भूक नसलेल्या सापाला तो उंदीर रात्रभर कुरतडतो, पाठीचे कणे उघडे पडेपर्यंतच्या जखमा पशुवैद्यकात नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्या उंदराच्या यातनांचा विचार तर क्वचितच कोणी करतो. आधी मारून गोठवलेला व पुन्हा कोमट केलेला उंदीर दोघांच्याही दृष्टीने बरा.

खऱ्या आजाराच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या पाहण्यासाठी तारीखवार वजनाची वही लागते. उपवासात वजन एक दशांशाहून अधिक घटणे, कण्याची धार वर येणे, तोंडात चिकट लाळ, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, वारंवार ओकारी, खवल्यांखाली हिंडणाऱ्या गोचिडी-पिसवांसारख्या किडी, किंवा मान आकाशाकडे वळवून ठेवण्याची विचित्र लकब यांपैकी काही दिसले तर उपवास हे लक्षण समजावे. बॉल पायथनमध्ये श्वसनमार्ग पोखरणारा एक विषाणू २०१४ मध्ये ओळखला गेला, आणि अजगर-बोआंच्या पेशींत गाठी करणारा दुसरा रोग त्याच्याही आधीपासून ज्ञात आहे. ‘स्पायडर’ नावाने विकल्या जाणाऱ्या रंगवाणात जन्मतःच डोके डगमगते व काही साप भक्ष्यावर नेम धरू शकत नाहीत. रंगासाठी केलेल्या पैदाशीची ही किंमत साप प्रत्येक जेवणाला चुकवतो.

उलट टोकाचा दोष, म्हणजे अतिभोजन, त्याची चर्चा कमी होते, कारण खाणारा साप पाळणाऱ्याला सुखावतो. शेपटीच्या मुळाशी चरबीचे उंचवटे आलेला बॉल पायथन गुटगुटीत नसून आजारी असतो. वजनाच्या याच मोहाचे विकृत रूप मराठी मुलखात मांडुळाच्या चोरट्या व्यापारात दिसते: गुप्तधन, औषध, दैवी शक्ती अशा भ्रामक कल्पनांवर चाललेल्या या व्यवहारात मांडुळाची किंमत किलोवर ठरते, आणि उंदीर-सरड्यांवर जगणारा हा निरुपद्रवी जीव पोत्यात, बरणीत, काळोख्या खोलीत ठेवून त्याचे वजन वाढण्याची वाट पाहिली जाते. बंदिवासातला मांडूळ बहुधा खायचेच सोडतो, त्यामुळे ते वजन घटतच जाते.

सापाच्या आहाराविषयीच्या लोकसमजुती या पार्श्वभूमीवर पाहाव्यात. मांडूळ माती खाते, ते सहा महिने एका तोंडाने व सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालते, धामण गाईच्या मागच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, नाग पंचमीला दुधाचा नैवेद्य घेतो, या सगळ्यांच्या मुळाशी निरीक्षण आहे, पण त्याचा अर्थ चुकलेला आहे. मांडूळ भुसभुशीत मातीत डोके खुपसून दबा धरते आणि महिनोन्‌महिने कोणाला खाताना दिसत नाही, तेव्हा ते मातीवरच जगत असणार असा तर्क निघाला. म्हणजे उपवास पाहिला गेला, पण उपवास ही कल्पना सापाला लावता न आल्याने माती हे अन्न ठरले. धामण गोठ्यात येते ती कडब्याखालच्या उंदरांसाठी. मागे वळलेल्या सुईसारख्या दातांचे तोंड सडाला लागले तर गाय क्षणभरही उभी राहणार नाही, आणि चोखण्यासाठी लागणारे मांसल ओठ सापाला नाहीत. नागपंचमीला वाटीतले दूध पिणारा नाग हा बहुधा आधी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला, दात पाडलेला नाग असतो. तहानेने तो समोरचा कोणताही द्रव घेतो, आणि दूध पचवण्याची यंत्रणा नसल्याने व ते श्वासमार्गात गेल्याने नंतर मरतो. हाफकिन संस्थेशी निगडित असलेल्या पी. जे. देवरस यांनी १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी लिहिलेल्या भारतीय सापांवरील पुस्तकापासून ते नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली पुण्यात कात्रजला उभ्या केलेल्या सर्पोद्यानापर्यंत या समजुती खोडण्याचे काम महाराष्ट्रात सातत्याने होत आले. दुधाची वाटी मागे पडत असतानाच शहरी घरांत उंदराचे पाकीट आले, आणि दोन्हींमागची भावना एकच आहे: समोरच्या जिवाने आपल्या हातचे खावे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. भारतीय साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे आणि अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून जिंतूरच्या कोणा हौशी माणसाने शेतात सापडलेले अजगराचे पिल्लू घरी वाढवणे हा गुन्हा ठरतो. परदेशी असल्यामुळे बॉल पायथन बराच काळ या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राण्यांच्या स्वेच्छा नोंदणीची योजना आणली, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जाती, ज्यांत बॉल पायथनही येतो, चौथ्या अनुसूचीत आणल्या. त्यानुसार २०२४ च्या नियमांत अशा प्राण्याचा ताबा, जन्म, मृत्यू व हस्तांतर यांची नोंद ऑनलाइन करणे बंधनकारक झाले. चोरटी आयात तरीही थांबलेली नाही: डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात महसूल गुप्तचर संचालनालयाला खाद्यपदार्थांच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन व दोन कॉर्न स्नेक सापडले. अशा प्रवासातून आलेला, तहानलेला, थंडीने वा उष्म्याने खचलेला साप नव्या मालकाकडे पोचताच खात नाही, आणि मग ‘हट्टी’ म्हणून त्याची बदनामी होते.

सर्पमित्रांच्या कामातही खाण्याचा प्रश्न डोकावतो. गोठ्यातून वा विहिरीतून पकडलेल्या धामणीने पिशवीत नुकताच गिळलेला उंदीर ओकला की बघ्यांना ती विषबाधा वाटते. वास्तविक भरल्या पोटाने पळता येत नाही, म्हणून जिवाची भीती वाटताच साप ओझे टाकून हलका होतो. बरणीतल्या सापाला अंडे, दूध किंवा मटणाचे तुकडे देऊ पाहणाऱ्या घरमालकाचा हेतू चांगला असतो, परंतु जवळच्याच योग्य अधिवासात लवकर सोडून देणे, एवढीच त्या सापाची निकड असते. बॉल पायथनला मात्र हा मार्ग बंद आहे. कंटाळलेल्या मालकाने त्याला येलदरीच्या काठी सोडले तर एकतर तो पहिल्याच हिवाळ्यात मरेल, किंवा आपल्या अंगातले रोग इथल्या अजगरांना देईल.

मृग बरसल्यावर बेडूक आणि उंदरांची पिले यांची रेलचेल होते तेव्हा जिंतूरच्या बांधावरचे मांडूळ आठवड्या-पंधरवड्याला खाते, सोयाबीनची रास निघाल्यावर उंदरांच्या मागे खळ्यापर्यंत येते, आणि मार्गशीर्षात गारठा वाढला की वीत-दोन वीत खाली मातीत जाऊन स्वस्थ पडते. हरभऱ्याला घाटे धरत असताना त्याच गावातल्या एखाद्या घरात, दिव्याने उबवलेल्या पेटीपुढे, कोमट केलेला उंदीर चिमट्यात धरून कोणी बसलेले असेल, तर आतल्या आफ्रिकी नराने तो नाकारण्याची शक्यताच अधिक असते, आणि बहुतेक वेळा होळीच्या आसपास तो आपण होऊन झडप घालतो.